न पाठवलेली हकिकत

ज्ञानेश्वरी लग्न होऊन रत्नागिरीजवळच्या या खाडीकाठच्या गावात आली, तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसातल्या लोकांचं खूळ, असं तिला वाटायचं. नवरा ऋत्विक मालवाहू बोटीवर खलाशी. सुट्टीत घरी आलेल्या माणसानं झोपावं, मासे खावेत. तर हा पठ्ठ्या बायकोला शेजारी बसवून गावाची वेबसाइट शिकवायचा. खाडीतल्या खडपांची, म्हणजे पाण्यातल्या खडकांची, नावं, म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि त्याची बोटीवरची हकिकत, एवढंच तिच्यात. सगळी साधी पानं, एका फोल्डरात. गिट नावाचं एक अवजार प्रत्येक बदलाची नोंद ठेवायचं. अख्खी वेबसाइट, जुन्यानव्या बदलांसकट, तिघांकडे असायची: त्याच्या लॅपटॉपवर, हिच्या कॉम्प्युटरवर आणि खेडला चुलतभाऊ सर्वेशकडे. भर समुद्रात इंटरनेट नसलं तरी ऋत्विक लिहीत राही. बंदर लागलं की नवं तेवढं पाठवी, मग ते सगळ्यांकडे येई.

संध्याकाळी ज्ञानेश्वरी ते सासऱ्यांना, आप्पांना, वाचून दाखवी. आप्पांचा उभा जन्म होडीवर गेलेला. मोठ्या बोटीच्या गप्पा ऐकून नाक मुरडायचे, पण वाचन चुकलं तर जेवायचे नाहीत. लॅपटॉप बुडाला तर सगळं जाईल की, असं त्यांनी एकदा विचारलं. ऋत्विक हसला. म्हणाला, एकाचा बुडाला म्हणून काही जात नाही, सगळ्यांकडे सगळं असतं. आप्पांनी ते मनाशी गाठ मारून ठेवलं.

यंदा निघताना बापलेकांची चांगलीच वाजली. आता बोट पुरे, असं आप्पांचं म्हणणं. ऋत्विक न ऐकता गेला. आणि त्याच फेरीत बोटीवरून समुद्रात पडला. सापडलाच नाही.

कंपनीनं त्याची बॅग घरी धाडली. ती उघडायचा ज्ञानेश्वरीला धीर होईना, म्हणून दिवसकार्य होईपर्यंत तशीच ठेवली. देह नाही, तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. बायका घरात, पुरुष खाडीवर. पण पाण्यात सोडायला अस्थी कुठून आणायच्या? आप्पांना राहवेना. पोराच्या हाताखाली कायम असलेली वस्तू एकच. त्यांनी घरून निघतानाच बॅगेतला लॅपटॉप सोबत घेतला होता; तो कपाळाला लावला आणि खाडीच्या मुखाशी सोडून दिला. सगळं आपल्याकडे आहेच, पोर सांगूनच गेलं होतं.

ज्ञानेश्वरीला हे मागाहून कळलं. बोटीच्या सॅटेलाइट फोनवरून शेवटचं बोलताना ऋत्विक म्हणाला होता, रोज लिहितोय, बंदर लागलं की पाठवतो. बंदर लागायच्या आधीच तो गेला. न पाठवलेलं होतं ते फक्त त्याच्याच लॅपटॉपवर. तिनं आपल्याकडच्या सगळ्या नोंदी चाळल्या, सर्वेशला चाळायला लावल्या. मागच्या फेरीतल्या शेवटच्या बंदरापाशी सगळं थांबलेलं. संताप असा आला की तिनं भांडी आपटली. पण बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. सांगितलं तर म्हातारा जगायचा नाही, म्हणून ती गप्प बसली.

पुढे आप्पाच मागे लागले, शेवटच्या फेरीचं वाच म्हणून. तिनं काहीबाही कारणं सांगितली आणि अखेर म्हणाली, त्या फेरीत त्यांनी काही लिहिलंच नाही. त्या दिवसापासून म्हाताऱ्याचं जेवण तुटलं. शेजारच्या तुळसाकाकूला म्हणाले म्हणे, पोर भांडण मनात धरून गेलं, शेवटी बापाची आठवणसुद्धा केली नाही. तुळसाकाकूनं ते येऊन सांगितलं, आणि ज्ञानेश्वरीला स्वतःचीच लाज वाटली. मेलेल्या माणसावर खोटा आळ, आणि तोही तिच्या तोंडून!

संध्याकाळी ती पडवीत आप्पांच्या समोर बसली.

"आप्पा, त्यांनी लिहिलं होतं. रोज लिहायचे. लॅपटॉपवर होतं, पाठवायचं राहिलं."

तो लॅपटॉप तर आप्पांनीच खाडीत सोडलेला. अर्थ लागायला वेळ गेला, आणि लागला तसा म्हातारा जागच्या जागी खचला.

"म्हंजे लिवलान होता," ते म्हणाले. मग विचारलं, "माझं काय लिवलान असंल गो?"

ते आता कुणालाच कळायचं नव्हतं. ज्ञानेश्वरीनं त्यांचा हात धरला, आणि ऋत्विक गेल्यापासून पहिल्यांदाच ती दोघं एकत्र रडली.