नाझारेच्या वाळूत आई भांडल्या तो दिवस

पनीर बटर मसाला, जिरा राइस आणि गुलाबजाम. हे म्हणे माझ्या सासूच्या वर्षश्राद्धाचं जेवण!

भावजी, फोन तुम्ही कट केलात म्हणून इथे ग्रुपवर लिहितेय. वाचू देत सगळ्यांना.

हर्णैच्या बंदरात जन्मभर मासे सुकवून ज्या बाईने तुम्हाला इंजिनियर केलं, तिच्या पानात पनीर?

एकदाच खाल्लं होतं त्यांनी. म्हणाल्या, "ह्याला काटा पण नाय नि चव पण नाय."

आणि कारण काय? "वहिनी, ऑफिसचे लोक येणार. घरात वास राहील."

राहू दे ना!

येत्या रविवारी आईंना जाऊन वर्ष होईल. ज्यांनी आईंना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सातवीपर्यंत शिकलेली, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सासरे गेल्यावर आम्ही आईंना इकडे वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिलमधल्या आमच्या घरी आणलं. सगळे इतके चांगले वागलो की विचारू नका.

"आई, तुम्ही बसा."

भांडी घासायला उठल्या, तुम्ही बसा. कपडे वाळत घालायला निघाल्या, आई, बाहेर वारा आहे, तुम्ही बसा.

बसल्या. खिडकीत. हळूहळू बोलायच्याच बंद झाल्या. माझी लेक "आजी, you okay?" विचारायची, तर नुसती मान हलवायच्या.

क्लिनिकमधली डॉक्टर पुण्याची. ती म्हणाली डिप्रेशन. गोळ्या दिल्या. गोळ्या खाऊन आई अजून जास्त बसल्या.

२००६ साली लंडनच्या नणंदेकडे गेलो. तिने स्वस्तातली टूर काढली, पोर्तुगालला. समुद्रकाठचं जुनं गाव, नाझारे. वर उंच कड्यावर त्यांच्या माउलीचं पुरातन चर्च, खाली पांढरी घरं आणि किनारा.

टूरवाले सगळ्यांना छोट्या ट्रेनने वर नेत होते. आई चढेचनात.

"वरच्या देवीला हितूनच नमस्कार," म्हणाल्या आणि किनाऱ्याकडे चालू लागल्या. मी आणि आमचे हे मागे.

बघतो तर काय, वाळूत जाळीच्या चौकटी मांडलेल्या आणि त्यांच्यावर मासे! आपल्या बांगड्यासारखेच. उघडून, चपटे करून, उन्हात.

राखणीला बायका. एकावर एक घागरे, पण गुडघ्यापर्यंतच. आईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या लुगड्याकडे. लुगडं पण गुडघ्यापर्यंतच.

एक म्हातारी काळ्या कपड्यात मासे चिरत होती. आई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"अगो, पोटाकडून काय चिरतंस? पाठीकडून चिर!"

दोन वर्षांत एवढं मोठं वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं!

आणि नुसतं बोलून थांबल्या नाहीत. सरळ तिच्या पाटीतला मासा उचलला.

म्हातारीने फाडकन हातावर मारलं.

आईंनी तिच्या हातावर मारलं.

आमचे हे "सॉरी, सॉरी" करत पुढे धावले. दोघींनी मिळून यांना असं झापलं, ती तिच्या भाषेत, ह्या आपल्या, की हे चार पावलं मागे.

मग जी जुंपली! म्हातारी मासा नाचवत बोलतेय, आई पदर खोचून बोलतायत. एकीचं एकीला कळत नाही आणि दोघींना सगळं कळतंय.

शेवटी म्हातारीने सुरी आईंच्या पुढ्यात आपटली. कर मग, दाखव.

आईंनी एक मासा पाठीकडून चिरला. तिने एक पोटाकडून. दोन्ही शेजारी शेजारी जाळीवर टाकले आणि दोघींनी नाकं मुरडली.

आईंनी तिच्या मिठाच्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. "अळणी!"

बस निघायची वेळ झाली तरी दोघी एकाच फळीवर बसून चिरत होत्या. भांडण चालूच. मधे म्हातारीने पावात मासा घालून आईंना दिला. आईंनी खाल्ला आणि परत नावं ठेवली.

नाव विचारलंच नाही तिचं. आई शेवटपर्यंत "ती नाझारेची भांडकुदळ" म्हणायच्या. किती प्रेमाने म्हणायच्या!

मला त्या वाळूत कळलं. इकडे आईंशी कोणी भांडतच नव्हतं. सगळे नुसते मान देत होते.

परत येताना विमानात मला म्हणाल्या, "तुझ्या आमटीला चव नसते गो. दोन वर्षं गप ऱ्हायले."

मी म्हटलं, "मग उद्यापासून तुम्ही करा. पाय दुखतात म्हणून सांगू नका."

चेहरा असा खुलला!

तिथून पुढे आमच्या मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर बांगडे. चिमट्यांनी अडकवलेले. वेलिंग्टनचा वारा, दोन दिवसांत कडकडीत. शेजारचा म्हातारा कुंपणावरून "sweet as!", म्हणजे एकदम मस्त, म्हणत दोन घेऊन जायचा. सीगलना हाकलायला आई जॅंडल, म्हणजे इकडची रबरी चप्पल, घेऊन उभ्या. रोज भांडण. मीठ, आमटी, माझं इंग्लिश, त्यांचं घोरणं.

गोळ्या कधी बंद झाल्या, आठवत पण नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी माझा हात धरला. मला वाटलं आता काहीतरी गोड बोलतील.

"दोरीवरचे उलटवलेस काय?"

नव्हते उलटवले. तिथेपण ओरडा खाल्ला. घरी जाऊन आधी ते केलं.

आई, माझी आई पण मला इतक्या हक्काने ओरडली नाही. उपकार झाले तुमचे. आणि नाझारेच्या त्या भांडकुदळीचे पण.

तर भावजी, ते पनीर म्हणजे परत "आई, तुम्ही बसा" आहे. ऑफिसच्या लोकांना आपण कोळी आहोत हे सांगितलं नसेल, तर रविवारी वासाने कळेल.

बांगडे चिरलेत. पाठीकडून. आत्ता दोरीवर आहेत.

ते घेऊन मी तुमच्याकडे ऑकलंडला येऊ, की आईंचं पान इथे अंगणात वाढू?

बुधवार संध्याकाळपर्यंत सांगा. आणि मेसेज नको. फोन करा, भांडायला.