ज्वारीच्या खळीची पँट

वडनेर भोलजी सोडलं त्या सकाळी वडील एसटीच्या टपावर माझी सायकल बांधत होते आणि आई खिडकीशी गठुडं घेऊन उभी होती. त्यात दोन पांढऱ्या पँटी होत्या, ज्वारीची खळ घालून, पितळी तांब्यात निखारे भरून इस्त्री केलेल्या. "मयलं तं एकवेळ चालीन बापा," ती म्हणाली, "पन चुरगयलेलं घालू नोको. लोकं म्हनतीन, याच्या मांगं कोनी नाही."

खामगावात माझी खोली एका टोकाला आणि मी कामाला लागलो ती कापसाच्या जिनिंगची फॅक्टरी दुसऱ्या. तुमच्यापैकी जे सायकलनं कामावर गेले त्यांना ठाऊक आहे, सायकलला कापड मऊ लागतं. पँटच्या पायाची मोरी घोट्याशी दुमडली, क्लिप लावली की झालं. आईच्या खळीची पँट दुमडायलाच तयार नसे. क्लिप उडायची, मोरी चेनमध्ये जायची आणि मी भर रस्त्यात एका पायावर उभा! मग घासलेटनं डाग काढा, फाटलेलं शिवा.

एकदा गावी गेलो तेव्हा आईला म्हटलं, कपडे मी तिकडंच धुतो. तिचं तोंड उतरलं. "मंग म्या तुयासाठी काय करू?" एवढंच तिनं विचारलं. मी कपडे पाठवत राहिलो. दर बाजाराला शेजारचे नामदेवकाका भाजी घेऊन खामगावला येत, त्यांच्या हाती मळके कपडे जात आणि धुतलेले येत. फाटकी मोरी पाहून तिला वाटे, कापडात दम उरला नाही. ती खळ आणखी दाट करी. मी चरफडत तीच पँट चढवून निघे.

एका बाजाराला पँट मऊ आली. दुसऱ्या दिवशी क्लिप पहिल्या झटक्यात बसली, रस्ताभर कुठं अडकलो नाही. खुशीत शीळ घालत फॅक्टरीच्या फाटकापर्यंत आलो आणि तिथं लक्षात आलं, आई खळ घालायला कधी विसरत नाही. तसाच गावी गेलो. लकव्यानं आईची उजवी बाजू गेली होती. मला कळवायचं नाही म्हणून तिनं वडिलांना कपडे धुवायला लावले होते, आणि त्यांना खळ काही करता येत नव्हती. मी तिचा हात चोळत बसलो. दुसरं काय करणार होतो?

आता पुण्यात आहे. पँटी टेरिलीनच्या, खळ नको, इस्त्री नको. गावी आता एकटे वडील आहेत, दार उघडं असतं. पण घर म्हटलं की मला घोट्याला टोचणारी ती कडक मोरीच आठवते. सायकल अजून चालवतो. रस्त्यात थांबावं लागत नाही.