जीपच्या उंबऱ्याला लोखंड

कोल्हापूर सोडताना मी हॉर्न दोनदा वाजवतो. एकदा घरच्यांसाठी आणि एकदा नाक्यावरच्या गॅरेजवाल्यासाठी. जानेवारीतल्या त्या सकाळी दुसरा हॉर्न मी जरा लांबच दिला. गॅरेजवाला शटरचं कुलूप काढत होता. त्याने वळून पाहिलं नाही. त्याला कारण ठाऊक होतं.

गेल्या वर्षी याच माणसाने माझ्या जीपच्या दोन्ही बाजूंना 'मजबूत' फूटबोर्ड बसवून दिले होते. दाराखाली बॉडीची जी आडवी कड असते, तिला मी उंबरा म्हणतो. घराचा उंबरा खचला की दार लागत नाही, तसंच जीपचंही आहे. हा उंबरा दगडावर आपटू नये म्हणून फूटबोर्ड. प्रत्यक्षात तो काळा रंग दिलेला पत्रा निघाला, वर रबराची पट्टी चिकटवलेली. मे महिन्यात रत्नागिरीच्या सड्यावर (गावावरचं उघड्या जांभ्या दगडाचं पठार) जीप एका धारेवर टेकली आणि तो फूटबोर्ड मुडपून सरळ बॉडीत घुसला. उंबरा वर आला, डावं दार अडकलं, चाकं हवेत फिरत राहिली.

वर शेवंतीवहिनींच्या बागेत हापूसच्या भरलेल्या पेट्या माझी वाट पाहत होत्या. वहिनींचे यजमान मुंबईला नोकरीत. बाग त्या आणि त्यांच्या सासूबाई सांभाळतात. गाडी बागेच्या दारापर्यंत आणीन, असा शब्द मी दिला होता. मी खाली अडकून बॅटरी मंदावेपर्यंत हॉर्न वाजवला. एक माणूस उतरून आला नाही. संध्याकाळी चिरे वाहणाऱ्या ट्रकने मला मागे ओढून काढलं. तोपर्यंत उन्हात फळ खराब झालं होतं. नंतर रत्नागिरीच्या बाजारात माझ्याबद्दल बोललं गेलं की घाटावरचा व्यापारी भाव पडलेला बघून पळाला. डोक्यावर पाट्या वाहून मी धंदा उभा केला आहे. नुकसान मी सोसतो. 'पळाला' हा शब्द मला सोसला नाही. आणि हॉर्न ऐकूनही कोणी आलं नाही, हे तर मी तेव्हापासून मनात धरून होतो.

आता मोहोर आला होता. वहिनींचा निरोप होता की दुसरा एक व्यापारी येत्या सोमवारी बाग बघायला येतो आहे. त्याआधी ज्याची गाडी दारापर्यंत येईल त्याला बाग. म्हणून मी निघालो होतो. उंबऱ्याचं काम या वेळी कोल्हापुरात करायचं नाही, हे ठरलेलं होतं. ज्या गावात लोखंड रोज खाऱ्या पाण्याशी झगडतं, त्या गावात करायचं.

आंबा घाटात धुकं होतं. प्रत्येक वळणावर हॉर्न देत उतरलो. साखरप्याला चहा घेतला. हॉटेलवाल्याने मुडपलेला उंबरा बघून विचारलं, "म्हशीनं धडक दिली काय?"

"दगडाने."

"दगड कसा देल धडक? तो बसलेलाच असतो."

मी चहा अर्धा टाकून उठलो. पालीपासून हवा बदलते. अंगाला दमटपणा चिकटतो, रस्त्याकडेची माती तांबडी होते. दुपारपर्यंत रत्नागिरीत होतो.

आधी बाजारातली दोन दुकानं पाहिली. पहिल्या दुकानात तेच फूटबोर्ड होते, फक्त चकचकीत. मी अंगठ्याने दाबून पाहिलं, पत्रा आत गेला. दुकानदार म्हणाला, "शेट, हे शोभेला असतात." निदान खरं बोलला. दुसऱ्याने पाण्याचा पाइप वाकवून बॉडीलाच वेल्ड करतो म्हटलं. बॉडीला जोडलं तर दगडाचा मार बॉडीलाच बसणार. मग लोखंड लावलं काय आणि नाही लावलं काय. मार चासीने घ्यायला हवा, कारण जीपचा कणा ती आहे. एवढं मला गेल्या मे महिन्याने शिकवलं होतं. त्याला तसं सांगितल्यावर तो म्हणाला, मग मिरकरवाड्यात बाळाभाईकडे जा, तो ट्रॉलरची कामं करतो.

मिरकरवाडा बंदर नाकाने सापडतं. जाळी पसरलेली, बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज, आणि या सगळ्यातून जीप नेताना लोक हॉर्नला हटत नाहीत. बाळाभाईचं वर्कशॉप म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. समोर एक जुना ट्रॉलर मोडायला काढलेला. बाळाभाई पन्नाशीचा, उघड्या अंगाचा, बोलताना समोरच्याकडे न बघणारा माणूस. त्याने जीपखाली डोकं घातलं आणि तिथूनच विचारलं, "हा कोणी केला?"

"कोल्हापुरात."

"रागात केला काय?"

ट्रॉलरवर जाळं ओढायच्या यंत्राभोवती जाड पाइपांची चौकट असते. मोडलेल्या ट्रॉलरचा तसला पाइप तिथे पडला होता. मी हातोडीने वाजवून पाहिला. घंटेसारखा बोलला. हाच हवा, असं मी मनात म्हटलं आणि तोंडाने म्हटलं, "गंजका दिसतोय."

"मग नका घेवू. गंजका तुमच्या फूटबोर्डावर शोभेल."

इथून घासाघीस सुरू झाली आणि उन्हं कलेपर्यंत चालली. मला पाइपाचा जोड वेल्डिंगचा हवा होता, एकदाच कायमचा. बाळाभाई म्हणाला, चासीला छिद्र नाही आणि वेल्डिंगही नाही. स्प्रिंगच्या पाट्यांना लावतात तसले यू-बोल्ट चासीभोवती आवळायचे, त्यांना ब्रॅकेट, ब्रॅकेटला पाइप.

"बोल्ट सैल होतात," मी म्हटलं.

"आवळायचे."

"चोरीला जातात."

"घाटावर जात असतील."

मी उठून जीपमध्ये बसलो. किल्ली फिरवली. तो भेंडाच्या झाडाच्या सावलीत विडी ओढत राहिला. मी किल्ली परत बंद केली. मग त्याने समजावून सांगितलं की होडीच्या कडेला धक्क्यावर घासायला लाकडाची पट्टी असते. ती झिजते, ती काढून दुसरी मारतात. "मार खाणारा वेगळा ठेवायचा, शेट. तोच कायमचा चिकटवलात तर होडी नवी करावी लागेल."

बोल्टवर मी माघार घेतली. पण माघार घेतली की मला दुसरीकडे काहीतरी मिळवल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, मग त्याच दामात पाइप जरा बाहेर काढ, म्हणजे चढताना पाय ठेवायला पायरी होईल. बाळाभाई लगेच तयार झाला. होडीचं लाकूडही बाहेरच काढतात, आधी तेच टेकावं म्हणून. आम्ही दोघेही आपापल्या जागी खूश होतो. एका खर्चात दोन वस्तू मिळाल्याचं समाधान मला रात्रीच्या जेवणापर्यंत पुरलं. खानावळीत बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट दाट कालवण) आणि तांदळाची भाकरी होती. तिथे मात्र मी भाव केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला सुरुवात झाली आणि होड्या आल्याबरोबर थांबली. लिलाव सुरू झाला की मिरकरवाड्यात दुसरं काम चालत नाही. बाळाभाई टोपली घेऊन गेला. पाइप अर्धा टांगलेला. मी चिडून त्याच्यामागे गेलो, आणि लिलाव बघत उभा राहिलो. बोली करणाऱ्या बायका माझ्यापेक्षा वरचढ होत्या. एकीने बोलता बोलता पाठ फिरवली, चार पावलं गेली आणि विकणाऱ्यानेच तिला हाक मारली. मी जीपमध्ये बसून किल्ली फिरवली होती ती मला आठवली. मला कोणी हाक मारली नव्हती.

दुपारी काम पुरं झालं. पाइप आणि उंबरा यांच्यात बोटभर फट ठेवली होती, म्हणजे पाइप हलला तरी बॉडीला लागणार नाही. आत पाणी शिरू नये म्हणून पाइपाची टोकं बंद केली. आतून गंज लागतो तो दिसत नाही, बाळाभाई म्हणाला. वर रेड ऑक्साइड आणि त्यावर होडीचा उरलेला काळा रंग. मुडपलेला उंबरा त्याने ठोकून सरळ केला. डावं दार लागलं. तो आवाज मी दोनतीनदा ऐकला.

रविवारी सकाळी रंग वाळल्यावर सड्यावर निघालो. गाव मागे पडलं की गवत पिवळं आणि मधे मधे कातळ (उघडा सपाट खडक) काळा पडलेला. गेल्या वर्षीची धार मी लांबूनच ओळखली. खाली उतरून पाहिलं. तिच्यावर माझ्या जुन्या फूटबोर्डाचा काळा रंग अजून होता. फोर-व्हील टाकला, पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढवली. पुढचं चाक पलीकडे उतरलं आणि जीप डाव्या बाजूने खाली बसली. पाइप दगडावर टेकला. दात शिवशिवतील असा आवाज झाला. पण जीप अडकली नाही. पाइपावर घसरत पुढे गेली आणि मागचं चाक वर आलं. मी थांबून डावं दार उघडलं. उघडलं. परत लावलं. लागलं.

मग मी जोरात हॉर्न दिला. ऐकू दे त्यांना, म्हटलं.

वहिनींच्या बागेची वाट दोन गडग्यांमधून (नुसते दगड रचून केलेल्या भिंती) जाते आणि शेवटी, जिथे ती अरुंद होते तिथे, बेडं (आडव्या बांबूंचं फाटक) आहे. गेल्या वर्षी सौदा करायला मी इथे चालत आलो होतो. चालणाऱ्याला वाटेची रुंदी दिसत नाही. वहिनींनी बांबू सरकवले, मी जीप आत घातली आणि दोन्ही बाजूंचे पाइप एकदम गडग्यांना टेकले. अडला होता तो पायरी म्हणून बाहेर काढून घेतलेला वीतभर भागच. जीप पाइपाविना आरामात गेली असती.

वहिनी पदर खोचून समोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरी आली. पण जाड होवून आली."

मी खाली उतरलो तो संतापाने. गडग्याचा वरचा दगड दोन्ही हातांनी धरला.

"त्याला हात लावू नका," वहिनी म्हणाल्या. "हा गडगा अर्धा दिराचा हाय. एक दगड हलला तर शिमग्यापर्यंत भांडण पुरेल."

"मग पाइप सोडतो." मी सीटखालून पाना काढला.

"कशाला? आत काय हाय तुमचा?"

"गाडी आत आणायची ना?"

"आत कोणी बोलवलान? पेट्या बेड्याकडेच आणून ठेवतो आमी. माणसाने बेड्यापर्यंत यायचा. गेल्या वर्षी पण तेवढाच सांगितला होता."

'गेल्या वर्षी' हे शब्द निघाल्यावर मी गप्प बसणारा नव्हतो. आठ महिने साठवलेलं सगळं बाहेर काढलं. खाली धारेवर अडकलो होतो, हॉर्न वाजवून वाजवून दमलो, तुमच्याकडचं एक माणूस उतरलं नाही, आणि वर बाजारात मी पळालो म्हणून बोभाटा.

वहिनींनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचा तो हॉर्न ऐकला ना. आमीच काय, वांदरांनी पण ऐकला. खालच्या कलमांवर बसले होते, ते बिचकले आणि सगळे वर आले. इथे, पेट्यांवर. सासूबाई त्या टोकाला आणि मी या टोकाला, दोघींच्या हातात काठ्या. तुमी वाजवत राहिलात, ते हटत नव्हते. मी खाली आले असते तर एक पेटी राहिली नसती." पदर पुन्हा खोचत त्या म्हणाल्या, "तशाही नाय राहिल्या म्हणा. पण त्या उन्हाने गेल्या."

पाना हातात होता, तो मी परत सीटखाली ठेवला.

वहिनी पुढे आल्या आणि डाव्या पाइपावर उभ्या राहिल्या, फांदी भार घेईल का ते बघायला राहतात तशा. टाचांवर उठून दोनदा दाब दिला. जीप हलली, पाइप हलला नाही.

"पायरी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "बाग तुमची. उद्या तो येईल त्याला सांगते. पण या वर्षी हॉर्न वाजवायचा नाय. आलात की दिसेल."

घावन (तांदळाच्या पिठाचं जाळीदार धिरडं) आणि चहा मला बेड्याच्या बाहेरच मिळाला, जीपच्या बॉनेटवर ताट ठेवून. सासूबाईंनी नारळाचा रस वाढताना विचारलं, गाडीला एवढं लोखंड घातलं तर ती दमत नाही का. मी म्हटलं, दमते, पण पोचते.

परतताना मिरकरवाड्यात थांबलो. पाइप वीतभर बाहेर का काढलास, आता फुकट आत घे, असं मी बाळाभाईला सुनावलं.

"पायरी कोणी मागितली?"

"तू नको म्हणायचं होतंस."

"होडीला दोन्ही बाजूंना पाणी असता, शेट. मला गडगा कुठला आठवतो?" मग तो डाव्या पाइपाकडे वाकला. कातळावर घासून काळा रंग गेला होता आणि लोखंडावर जांभ्याची तांबडी रेघ बसली होती. "या, रंग मारून देतो. त्याचे पैसे नकोत."

मी नको म्हटलं. पाइपही होते तिथेच ठेवले. बेड्यापर्यंत जायला ते अडत नाहीत, आणि पायरी वहिनींनी पसंत केली होती. ती तांबडी रेघ मला कोल्हापूरच्या नाक्यावर दाखवायची होती.

आंबा घाटात वळणावर हॉर्न द्यावाच लागतो, तेवढा दिला. कोल्हापुरात शिरलो तेव्हा गॅरेज उघडं होतं. जीप मी बरोबर त्याच्या दारासमोर लावली, डावी बाजू त्याच्याकडे करून. तो पाइपाकडे बघत राहिला, रेघेवर बोट फिरवलं, ब्रॅकेटचे बोल्ट वाकून पाहिले. मी एक शब्द बोललो नाही. इतकं न बोलणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. मग पुढे निघालो.

घराशी आलो. एरवी गल्लीच्या तोंडाशीच हॉर्न देतो. बाग मिळाली होती, तो द्यायला कारणही होतं. हात हॉर्नकडे गेला आणि मी तो स्टिअरिंगवरच ठेवला. इंजिन बंद केलं, पायरीवर पाय देऊन उतरलो आणि दारातून आत गेलो.

बायको चुलीकडून वळली आणि दचकली.

"कधी आलासा?" ती म्हणाली. "हॉर्न बिघडला व्हय?"