ओल्या लाकडाचं गाव

आमच्या गावात सगळ्यात आधी आलेल्या मोजक्या माणसांत माझी आत्या होती, आणि घर मात्र तिचंच सगळ्यात शेवटी उभं राहिलं. याचं मला लहानपणापासून भारी कुतूहल. विचारलं की ती म्हणायची, "तुला नसत्या चौकशा फार!"

शेवटी आईनेच सांगितलं.

तेव्हा गाव म्हणजे नदीकाठची लाकडाची गिरणी आणि भोवती तंबू. वरच्या रानातून ओंडके वाहत यायचे, बाबा ते करवतीला लावायचे आणि निघालेल्या फळ्या आत्या आवारात रचायची. थराथरांत बारीक पट्ट्या ठेवायची, म्हणजे वारा खेळून लाकूड वाळावं. बाकी सगळ्यांना घराची घाई. करवतीखालून निघालेली ओली फळी तशीच ठोकायचे. आत्या बाबांना म्हणाली, "दादा, दोन उन्हाळे थांब. ओलं लाकूड आकसतं रे."

"तोवर काय झाडावर राहू?" म्हणत बाबांनी घर बांधलंसुद्धा.

आत्याने आपल्या घराच्या फळ्या तंबूमागे रचल्या. लोक येताजाता टोमणे मारायचे, आतोबा बिचारे गळक्या तंबूत कुढत बसायचे. तिला काय हौस नव्हती? चूल कुठे, खिडकी कुठे, सगळं तिने काठीने जमिनीवर आखून ठेवलं होतं.

पहिल्याच उन्हाळ्यात गावभर फटी पडल्या. दारं लागेनात, शेजाऱ्यांची भांडणं फुकटात ऐकू यायला लागली. दुसरा उन्हाळा सरला, आत्याच्या फळ्या खडखडीत वाळल्या, आणि ऐन थंडीत मी जन्मले, दिवस भरायच्या आधीच. फटींत चिंध्या कोंबून आई थकली, तरी वारा घुसायचा. मी निळी पडायला लागले. बाबा आत्याच्या तंबूपाशी जाऊन नुसते उभे राहिले. कुठल्या तोंडाने मागणार?

आत्याने आतोबांकडे पाहिलं. ते उठले, हातोडा घेतला आणि म्हणाले, "चला, उचला फळ्या."

त्या सगळ्या आमच्या खोलीला आतून ठोकल्या. मी अजून तिथेच झोपते.

ऐकलं आणि तडक आत्याकडे गेले. "माझ्यापायी तू आणखी दोन वर्षं तंबूत काढलीस?"

"फळ्या काय, पुन्हा रचल्या," ती म्हणाली. "तुला कुठून आणलं असतं पुन्हा?"

मला रडूच कोसळलं.

"पुरे. दार लाव आधी, गार वारा येतोय."

मी एका बोटाने ढकललं. दार लागलं.