साबणावरची बारीक अक्षरं

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय, आणि निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

जिंतूरहून एसटीने परभणीला येत होते. बोरीला मेंढरं राखणाऱ्या एक मावशी चढल्या. त्यांनी बायकांचं अर्धं तिकीट मागितलं, तसा मागून इस्त्रीच्या शर्टातला एक जण म्हणाला, "बसा मावशी, बसा. आमच्या टॅक्सवर समद्या बायका फिरायल्यात."

दोघं-तिघं हसले. मावशींचा चेहरा उतरला. त्या कंडक्टरला म्हणाल्या, "दादा, पुरंच तिकीट द्या. फुकटचं न्हाई लागत मला."

कंडक्टरने समजावलं, पण त्या ऐकेनात. शेवटी त्याने पुरं तिकीट दिलं.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. अप्रत्यक्ष करांवर तासभर बोलते. तिथे मात्र मी खिडकीबाहेर बघत बसले.

मावशी माझ्याच शेजारी टेकल्या. त्यांच्या पिशवीत साबणाची वडी होती. तेव्हा कुठे मला कंठ फुटला. वेष्टनावरची इंग्रजी ओळ दाखवून म्हटलं, "इथं लिहिलंय, किमतीत सगळे कर धरलेत. म्हणजे साबण घेतला की तुम्हीही टॅक्स भरता."

त्यांनी वडी उलटसुलट करून पाहिली. मग मागे वळून म्हणाल्या, "ओ भाऊ, रोज आंगूळ करते मी. टॅक्स भरूनच बसलेय."

आता तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मावशी हळूच मला म्हणाल्या, "बाई, तिकिटाच्या आदी का न्हाई सांगितलं?"

मैत्रिणींनो, तुम्ही काय सांगितलं असतं?