चिखल्याच्या किनाऱ्यावरची साक्ष

डहाणूला उतरले तेव्हा घरच्यांचं म्हणणं खरं वाटू लागलं होतं, की मला काही काम नाही. मध्ययुगात अरब मुलखांत राहणाऱ्या ज्यूंचा इतिहास हा माझा विषय. त्यांचे व्यापारी या अरबी समुद्रात बुडत, आणि मृत्यूला साक्षीदार मिळेपर्यंत बायकोला दुसरं लग्न करता येत नसे. अशा साक्षींचे कागद मी वाचते. म्हटलं, एकदा तो किनारा तरी बघावा.

बोर्डीला चिकूच्या वाडीत मुक्काम केला. स्वयंपाकाला शेजारच्या चिखल्याहून सुमनताई येत. बोंबलाचं कालवण वाढताना त्यांनी माझं काम विचारलं. सांगितलं, तशी भाकरी त्यांच्या हातातच राहिली. सात वर्षांपूर्वी त्यांचा नवरा बोटीवरून पडला. देह मिळाला नाही. आता तलासरीच्या एका भल्या माणसानं मागणी घातली होती. उद्या तो उत्तराला येणार होता.

"सुकतीला, पाणी ओसरलं की, मी ह्यांना हाक मारते. ते ओ देतात," त्या म्हणाल्या. "ओ देणारा माणूस असताना दुसरं घर कसं करू? सगळे म्हणतात, मनाचे खेळ. ताई, तुम्ही एकदा ऐका. तुम्ही सांगाल तसं करीन."

मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू?

त्याच दुपारी चिखल्याला गेलो. समुद्र पार मागे सरला होता. करड्या चिखलात माझी एक चप्पल रुतली ती रुतलीच. वारा नव्हता, चिटपाखरू नव्हतं. सुमनताईंनी हाक मारली, "अहो, येताय ना?"

दूर पाण्यात, जिथं उभं राहायला जमीनच नव्हती, तिथून पुरुषाचा आवाज आला. "आलो, आलो." जेवायला बोलावल्यावर माणूस म्हणतो तसा.

त्या समुद्राकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. "ऐकलंत ना?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."

मंगळसूत्र काढून त्यांनी कनवटीला खोचलं. "चला, भरती लागेल." आम्ही निघालो, तोच मागून पुन्हा ओ आली, आता जवळून. मी भीतीनं वळले नाही. त्याही वळल्या नाहीत.

पुण्याला परतल्यावर साक्षीचा एक नवा कागद वाचायला घेतला. खलाशी शपथेवर सांगतो: बुडालेल्या व्यापाऱ्याचं प्रेत पाहिलं, स्वतःच्या हातानं पुरलं. एरवी मी ते खरं धरून टिपून घेतलं असतं. आता वाटतं, त्यानं प्रेत पाहिलंच नसेल. एडनच्या बंदरात उतरल्यावर त्यानं व्यापाऱ्याची वाट बघत बसलेली बायको पाहिली असेल.