दादांचं घर विटांचं नव्हतं

दादा गेल्याचं मला म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात कळलं. सांगणारे गृहस्थ हळहळले आणि पुढं म्हणाले, "काय विटांचं पक्कं घर बांधलं हो तुमच्या थोरल्या भावानं!" रडायचं सोडून मी त्यांच्यावर खेकसलो. महिना होऊन गेला, राग तसूभरही उतरलेला नाही.

दादांनी विटांचं घर बांधलं नाही. आजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. दादांनी मात्र सुताराचा वाकस हाती धरला. म्हैसूरबाहेरच्या आमच्या शेतावर त्यांनी सागवानी खांब उभे केले, तुळया चढवल्या, एकही खिळा न मारता पाचरी ठोकून सांधे आवळले आणि मग मधल्या जागा मातीनं भरल्या. एका पावसाळ्यात मागची भिंत आख्खी बसली, छप्पर मात्र हललं नाही. आठ दिवस आम्ही उघड्यावर जेवलो, आणि दादा शेताकडं तोंड करून खुशाल हसत होते... दर हिवाळ्यात लाकूड सुकलं की ते एकेक सांधा चाचपत आणि सैल झालेली पाचर ठोकून बसवत.

मग त्यांच्या मुलाचं, कृष्णाजीचं, लग्न ठरलं. कचेरीतली नोकरी, शहरातलं सासर. मातीच्या घराची त्याला लाज वाटू लागली. घर पाडलं असतं तर एक वेळ समजलो असतो. त्यानं खांबांसकट सगळं आतून-बाहेरून विटांत बुजवून टाकलं. "अय्यो, सांध्यापाशी हात जाईल एवढी तरी फट ठेव रे," म्हणत दादा गवंड्यामागं फिरत होते.

"तुम्ही सुम्मे बसा, अप्पा," कृष्णाजी म्हणाला.

आमच्याकडं सुम्मे म्हणजे गप्प. दादा गप्प बसले, ते कायमचेच. पुढच्या हिवाळ्यांत ते त्या गुळगुळीत भिंतीवर तळवा टेकून नुसते उभे राहत. बघवत नसे. आणि मी? धाकटा म्हणून तोंड उघडलं नाही. त्याची चीड मला सगळ्यांत जास्त येते.

परवा कृष्णाजीनं दर्शनी भिंतीत बसवायला दगड कोरून आणला. 'हे घर बांधणारे', आणि खाली दादांचं नाव! माझं डोकंच फिरलं. पण बोलल्या त्या वहिनी, त्याची आई.

"हे त्यांनी बांधलं नाही. बाजूला ठेव ते."

"अम्मा, अप्पांचं नाव राहायला नको?"

"हात जाईल एवढी फट मागितली होती त्यांनी, ती दिली नाहीस. आता त्यांचं नाव तुला कशाला हवं?"

कृष्णाजीनं दगड उचलून बाजूला नेला. दगड ओटीवर पालथा पडून आहे. मी जिवंत असेतो तो त्या भिंतीत बसणार नाही.